त्या नावाची सून

आईच्या शेवटच्या दिवसांत तिचा हात धरून मी तासन्‌तास बसत असे. तेव्हा हे सांगता आलं असतं. सांगितलं नाही. शाळेतल्या माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला सांगितलं नाही, देवापुढे हात जोडतानाही हे तेवढं वगळूनच बोलत आले. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही — जमलं नाही असं नव्हे, केलं नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई म्हणून माझी ख्याती होती आणि ती खरी होती. उत्तर बरोबर पण रीत चुकीची असेल तर मी गुण देत नसे. मुली रडायच्या. मी म्हणायचे, उत्तर कुणाचंही बघून लिहिता येतं, रीत दाखव. हे सगळं मी आजही अभिमानानंच सांगते. मी वाईट शिक्षिका नव्हते, वाईट मुलगीही नव्हते. बापाच्या माघारी भांड्यांचं दुकान विकून कर्ज फेडलं, आईला सांभाळलं, धाकट्या भावाला मोठं केलं. मग काय केलं मी? — सांगते. थोडं दमानं घेऊ द्या.

परवा धारवाडला नात्यातलं एक लग्न होतं. नवरी इंजिनिअर. तिनं आधीच सांगून टाकलं होतं, नाव बदलणार नाही, तांदळाचं ताट आणू नका. जुन्या बायका जरा नाक मुरडत होत्या, तेवढ्यात कुणीतरी मला पुढे ओढलं. म्हणे, ह्यांना विचारा नाव बदललं की काय होतं ते. ह्यांच्या भावजयीची मिलिटरीची पेन्शन त्याच्यापायी अडली होती, ह्यांनी कोर्टात साक्ष दिली म्हणून सुटली. नणंद असावी तर अशी! सगळ्या माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी काय केलं असेल? मी हसले. हात जोडले. मसालेभात वाढून घेतला आणि जेवले.

नणंद असावी तर अशी. हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय. त्याच्यासाठीच हे लिहिते आहे.

माझं नाव सुनंदा. माझा भाऊ दत्तू, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पलटणीत शिपाई होता. त्याचं लग्न ठरलं ते गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातल्या मुलीशी. साधं घर, शेतीवाडी बेताची, मुलगी नाकीडोळी नीटस. पत्रिका जुळली, मानपान ठरला, सगळं झालं; अडचण एकच, मुलीचं नावही सुनंदाच.

आता आपल्याकडे ह्याला उपाय असतोच. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, सगळ्यांना पेढे वाटतात आणि जुनं नाव त्या तांदळांबरोबर गोळा होऊन जातं. आईला खरं तर नाव बदलायचं नव्हतं. ती म्हणाली, असू दे की, एक मोठी सुनंदा, एक धाकटी. मीच म्हणाले, एका घरात दोन सुनंदा कशाला? हाक मारली की दोघी धावत यायच्या. सगळे हसले. नाव मीच निवडलं — रेवती. दत्तूनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि अंगठीनं तांदळात लिहिलं. त्याचं अक्षर लहानपणापासून वाईट. 'व' नीट आला नाही म्हणून मी त्याला तो परत काढायला लावला.

ती मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नाही, असं मी तेव्हा म्हटलं असतं.

रेवती चांगली होती. कामाला चटपटीत, बोलायला कमी. कन्नडचा मात्र गंध नव्हता. भाजीवाल्यापुढे बोटं दाखवून भाव करायची. दत्तू वर्षातून सुट्टीवर यायचा, तेवढे दिवस घर हलकं व्हायचं. मूल झालं नाही. रेशन कार्ड, मतदान, आधार — सगळीकडे तिचं नाव मीच घातलं, रेवती म्हणून. शिकलेली नणंद असल्याचा तिला फायदाच होता, असं मी समजत होते.

दत्तू निवृत्त होऊन आला, तारिहाळच्या एका कारखान्यात सिक्युरिटीला लागला. थोडी वर्षं बरी गेली. मग एका सकाळी अंघोळ करून बाहेर आला, छाती धरून खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. तो माझा भाऊ होता, पण मी त्याला मुलासारखं वाढवलं होतं. त्या दिवशी माझंही काहीतरी गेलं, एवढंच.

त्याची पेन्शन बंद झाली. आता ती बायकोला मिळायची. अर्ज मीच भरला. मी असताना दुसरं कोण भरणार? बायकोचं नाव — रेवती. तिला विचारलंसुद्धा नाही. तिनं जिथे दाखवलं तिथे सही केली.

काही महिन्यांनी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, दारात एक माणूस आला. घामानं शर्ट भिजलेला, हातात पिशवी. चौकशीसाठी आलो म्हणाला, कन्नडमध्ये. आमच्या दारावर तेव्हा पाटी होती — कुमारी सुनंदा, शिक्षिका. ती त्यानं वाचली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सुनंदा अंद्र याररी?" सुनंदा म्हणजे कोण?

मी म्हटलं, मीच.

तो गोंधळला. त्याच्याजवळ आमचा अर्ज नव्हता, नुसती पलटणीतली नोंद होती, आणि तीत सुनंदा ही दत्तूची बायको होती. पलटणीत लग्नानंतर बायकोचं नाव नोंदवावं लागतं. दत्तूनं नोंदवलं होतं — सुनंदा. तांदळात रेवती लिहून, पेढे खाऊन, माझ्या पाया पडून तो परत गेला होता आणि तिथे त्यानं तिचं नाव सुनंदा लिहिलं होतं. नोकरीभर तिथे ती सुनंदाच होती. मला तो माणूस दारात उभा राहीपर्यंत ह्याचा पत्ता नव्हता.

मी बहीण, असं सांगितल्यावर त्यानं सरळ विचारलं — मग सुनंदा नावाची दत्तूची बायको ह्या घरात राहते की नाही?

आता इथे थांबून मी तुम्हाला विचारते, ह्यात अवघड काय होतं? एका वाक्याचं काम होतं. लग्नात नाव बदललं हो, ही काय ती. आपल्याकडे हे शेंबड्या पोराला कळतं. त्या माणसालाही कळलं असतं.

मी म्हणाले, "आ हेसरिन सोसी इल्लरी नम्म मनियाग."

त्या नावाची सून आमच्या घरात नाही.

झालं. हेच ते. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं ते हे एवढं एक वाक्य. व्याकरण शुद्ध, आणि शब्दांना धरून चालायचं तर खोटंही नाही — त्या नावाची सून मीच तर मोडीत काढली होती. रीत बरोबर आणि उत्तर चुकीचं, असं आयुष्यात मी एकदाच केलं.

आणि ती कुठे होती, विचारा. ती तिथेच होती. तांब्या-भांडं घेऊन दारातच आली होती, घामाघूम माणूस बघून तिनं न सांगता पाणी आणलं होतं. तो माणूस तिच्या हातचं पाणी प्यायला. भांडं परत देताना त्यानं मला विचारलं, ह्या कोण? मी म्हटलं — रेवती. बाकी काही नाही. नुसतं रेवती. तिनं जुनी साडी नेसलेली, हाताला पीठ लागलेलं. त्याला काय वाटायचं ते वाटलं. मी वाटू दिलं. शिक्षिका बाई सांगते आहे म्हटल्यावर त्यानं पुढे काही विचारलं नाही. पिशवी उचलली, नमस्कार केला आणि गेला.

"काय म्हणत हुता त्यो, वन्सं?" तिनं विचारलं.

काही नाही, चौकशी होती, मी म्हटलं. झालं काम.

का केलं? तुम्ही विचारणारच. मीही स्वतःला विचारलं आणि दर वेळी जरा बरं दिसेल असं उत्तर शोधलं. पेन्शन हातात आली की ही माहेरी निघून जाईल, मग अंथरुणाला खिळलेल्या आईला कोण उचलणार, ही भीती होती. खरी होती. पण ती मागून सुचलेली आहे. त्या क्षणी, उंबऱ्यात उभी असताना, मला फक्त राग आला होता. दत्तूनं माझं नाव तिला दिलं. मी ज्याला अक्षर गिरवायला शिकवलं, त्यानं माझ्यासमोर एक लिहिलं आणि माझ्यामागे दुसरं. म्हणजे दोघं एकटे असताना तो तिला सुनंदाच म्हणत असणार. म्हणजे माझ्याच घरात, भिंतीपलीकडे, ती इतकी वर्षं सुनंदा होती आणि मला ठाऊक नव्हतं. मत्सर होता तो. मेलेल्या भावावरचा राग मी त्याच्या जिवंत बायकोवर काढला. ह्याहून जास्त काही त्यात नव्हतं, आणि मला त्या वेळी बरं वाटलं. हेही सांगायला हवं. बरं वाटलं.

उत्तर आलं, अर्ज नामंजूर. नोंदीतली पत्नी सुनंदा, अर्जदार रेवती, आणि स्थानिक चौकशीत सुनंदा नावाची पत्नी त्या पत्त्यावर आढळली नाही. मी ते इंग्रजीतून वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य वाचताना माझा आवाज कापला नाही. तिनं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, माझं नाव सुनंदाच की हो. — किती दिवसांनी ती ते नाव आमच्या घरात उच्चारत होती. मी म्हटलं, पण दत्तूनं तिथे तेच लिहिलं असेल हे आपल्याला काय माहीत होतं?

दुरुस्त करता आलं असतं ना? दुसऱ्याच दिवशी त्या कचेरीत जाऊन सांगायचं, माझी चूक झाली. मी गेले नाही. कारण पहिला प्रश्न आला असता, बाई, तुम्हीच तर नाही म्हणालात. वर्गात कॉपी पकडणारी मी — तिथे खाली मान घालून उभी राहू? त्यापेक्षा मी तिला समजावत राहिले. कोर्टकचेऱ्या आपल्यासारख्यांचं काम नव्हे. माझा पगार आहे, तुला काय कमी आहे?

काय कमी होतं तिला? एकदा तिची चप्पल तुटली. खिळा मारून, दोरी बांधून तिनं ती जितकी चालेल तितकी चालवली आणि मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी पैसे दिले. वर म्हणाले, जपून वापर. शिपायाची बायको, जिच्या हक्काची पेन्शन मी माझ्या जिभेनं अडवली होती, तिला मी चप्पल जपून वापरायला सांगत होते.

त्यानंतर तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. शेजारच्या एका बाईबरोबर अमरगोळच्या मार्केट यार्डात जायला लागली, एका व्यापाऱ्याकडे मिरच्या निवडायला. संध्याकाळी यायची ती खोकत, डोळे लाल. हातांची इतकी आग व्हायची की आईला भरवताना चमचा वापरायची. आईला काही समजत नव्हतं. ती म्हणायची, घरात मिरची कोण भाजतंय? रेवती हसायची. मीही हसायचे. पण यार्डात तिला एक गोष्ट मिळाली — कन्नड. तेही माझ्यासारखं शाळेतलं गुळगुळीत नव्हे. हमालांशी भांडायचं, व्यापाऱ्याला गप्प करायचं, खणखणीत कन्नड. बघता बघता ती मला 'वन्सं' म्हणायची सोडून इथल्यासारखं 'अक्का' म्हणायला लागली.

आणि गंगक्कांचं राहिलं. आमच्या समोर राहायच्या. नळाच्या पाण्यावरून त्यांचं नि आमचं कधीतरी वाजलं होतं. स्थानिक चौकशीत कोणी सांगितलं असेल, ह्याचा विचार करता करता रेवतीनं ठरवून टाकलं की त्यांनीच. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. गंगक्का दर सणाला होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, पाठवायच्या. रेवतीनं ताट दारातूनच परत करायला सुरुवात केली. म्हाताऱ्या बाईला कधी कळलं नाही आपलं काय चुकलं. एकदा मला रस्त्यात थांबवून त्यांनी विचारलंही, तुमची सोसी माझ्याशी का बोलत नाही? मी म्हटलं, तिचं दुःख मोठं आहे हो. गंगक्का वारल्या तेव्हा रेवती गेली नाही. मी गेले आणि त्यांच्या लेकीजवळ बसून राहिले.

वकील तिनं स्वतः शोधला, त्या व्यापाऱ्याच्या ओळखीनं. त्यानं सांगितलं, सुनंदा आणि रेवती एकच, असा कोर्टाचा निकाल आणायचा. माहेरचा शाळेचा दाखला आहे, आता फक्त लग्नाला हजर असलेलं सासरचं माणूस हवं. ती माझ्याकडे आली. "अक्का, तुम्ही सांगाल काय?" मी लगेच हो म्हटलं नाही. आधी वकिलाकडे गेले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, जुन्या चौकशीचे कागद कोर्टात निघतील का? तो चौकशीवाला येईल का? वकील म्हणाला, छे हो, तो तर बदलून गेला, त्याची गरजच नाही. मग मी हो म्हटलं. माझ्या साक्षीची थोरवी ती एवढी.

साक्ष मात्र मी छान दिली. तांदूळ, ताट, अंगठी, चुकलेला 'व' — सगळं. न्यायाधीशसुद्धा हसले. वकील बाहेर येऊन म्हणाला, बाईंनी केस उभी केली. रेवतीनं कोर्टाच्या आवारात, सगळ्यांदेखत, वाकून माझ्या पायाला हात लावला. मी तिला उठवलं. तेव्हा सांगायचं होतं, हो ना? तिचा हात माझ्या पायावर होता तेव्हा.

पेन्शन सुरू झाली, मागचीही मिळाली. मला वाटलं होतं ती जाईल. गेली नाही. मिरच्या सोडल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलं, आईचं शेवटपर्यंत सगळं केलं. आता माझे गुडघे गेलेत, तर माझं करते. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या मनानं राहते. आधार, बँक, सगळीकडे तिनं नाव परत सुनंदा करून घेतलं. मी मात्र तिला त्या नावानं कधी हाक मारू शकले नाही, आणि रेवतीही जिभेवर येईना. अगं म्हणते. निकालापासून मी तिला नुसतं अगं म्हणते आहे.

तिला कळलं असेल का? तिनं त्या दुपारी ते वाक्य ऐकलं होतं; अर्थ कळत नव्हता, पण कान शाबूत होते. पुढे अर्थ कळायला लागल्यावर तिनं ते कधी आठवून बघितलं असेल का? तिच्या चेहऱ्यावरून मला काही काढता आलेलं नाही. मुलींचे चेहरे बघून चूक ओळखणारी बाई मी. विचारायला मात्र धजले नाही.

धारवाडच्या त्या लग्नाहून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारची वेळ. मी आत खाटेवर पडले होते, दार उघडं होतं. पार्सलवाला आला. तेच दार, तोच उंबरा. त्यानं कन्नडमध्ये विचारलं, सुनंदा कोण?

मी उठायच्या आत ती मशीनवरून म्हणाली, "इब्बरू अदीवरी. याव सुनंदा?"

दोघी आहोत. कुठली सुनंदा?

त्यानं वरचं 'कुमारी सुनंदा' वाचलं, ती हसली, पुडकं घेतलं आणि आत आणून माझ्या उशाशी ठेवलं. गुडघ्याचा पट्टा होता, मी मागवलेला. "तुमचंच आहे, अक्का," म्हणाली, आणि परत मशीनवर जाऊन बसली.

मी ते पुडकं संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. एवढंच म्हणायचं होतं मी त्या चौकशीच्या दिवशी. दोघी आहोत. आणि कन्नड तर तेव्हा मलाच येत होतं.